निलंबित परवाना आणि देखरेख कार्यक्रम : चार वर्षांनंतरचा अभिप्राय

ज्या सेवेबद्दल मी येथे लिहीत आहे, ती कोणी हौसेने घेत नाही. व्यसनामुळे परवाना निलंबित झालेल्या परिचारिकांना उपचारांनंतर पुन्हा कामावर येता यावे, यासाठी चालवला जाणारा हा देखरेख कार्यक्रम आहे. मी त्यात चार वर्षे आणि दोन महिने होते. पहिले चौदा महिने परवाना निलंबित असताना आणि पुढची तीन वर्षे अटींसह परत मिळालेल्या परवान्यावर. माझ्यावरची शेवटची अट गेल्या महिन्यात उठली. कार्यक्रमाचे नाव मी देत नाही, कारण त्यावरून माझ्या गटातील इतर परिचारिकांची ओळख उघड होऊ शकते. ज्या परिचारिकेच्या हाती आज निलंबनाचे पत्र आहे आणि समोर सहीसाठी असाच एखादा करार आहे, तिला सहीपूर्वी जे कळायला हवे, तेवढे सांगण्याचा माझा प्रयत्न आहे.

माझी हकिकत थोडक्यात सांगते, कारण तिच्याशिवाय या सेवेचे मोल कळणार नाही. अतिदक्षता विभागात नऊ वर्षे काम केल्यानंतर माझ्या मणक्याची शस्त्रक्रिया झाली, वेदनांसाठी ओपिऑइड, म्हणजे अफूच्या वर्गातील वेदनाशामक, गोळ्या सुरू झाल्या, आणि ठरलेला काळ संपल्यावरही मला त्यांची गरज वाटत राहिली. फेंटानिल या तीव्र ओपिऑइडच्या दोन मिलिलिटरच्या अँप्यूलमध्ये (काचेच्या कुपीत) सामान्यतः १०० मायक्रोग्रॅम औषध असते. रुग्णाला ५० द्यायचे असेल, तर उरलेले दुसऱ्या परिचारिकेच्या डोळ्यांदेखत टाकून देऊन तिची सही घ्यायची असते. विभागात धावपळ असली की सही आधी होते आणि बघणे राहून जाते. त्या राहून गेलेल्या बघण्याचा फायदा घेऊन टाकून द्यायचे उरलेले औषध मी सात महिने स्वतः घेतले. रुग्णाच्या वाट्याचे मी कधी घेतले नाही, असे मी स्वतःला बजावत असे. पण व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाजवळ नशेत उभी असलेली परिचारिका त्याच्या वाट्याचेच घेत असते, हे मला उपचार सुरू झाल्यावर कळले. नार्कोटिक रजिस्टरच्या (अशा औषधांच्या नोंदवहीच्या) तपासणीत माझ्या नावावरच्या नोंदी वेगळ्या दिसल्या, इनचार्ज मॅडमनी मला खोलीत बोलावले, आणि त्या दिवशी कोणालाही ओव्हर न देता, म्हणजे रुग्णांची जबाबदारी सोपवून न देता, मी घरी गेले. परवाना त्यानंतर बारा दिवसांत निलंबित झाला.

परिचारिकेला केवळ शिक्षा करून वाऱ्यावर सोडण्यापेक्षा उपचार आणि देखरेख यांचा मार्ग द्यावा, हा विचार १९८० च्या दशकात रुजला. अमेरिकन नर्सेस असोसिएशनने १९८२ मध्ये या दिशेने ठराव केला आणि १९८३ मध्ये फ्लोरिडात परिचारिकांसाठी असा कार्यक्रम उभा राहिला. पुढे इतरत्र निघालेल्या कार्यक्रमांचा सांगाडा बहुतांशी तसाच आहे, आणि माझाही तसाच होता. करार साधारणपणे तीन ते पाच वर्षांचा असतो. रोज सकाळी ठरलेल्या वेळेत फोनवर किंवा अ‍ॅपवर हजेरी लावायची. त्या दिवशी चाचणीसाठी निवड झाली असेल, तर काही तासांत केंद्रावर जाऊन नमुना द्यायचा. आठवड्यातून एकदा परिचारिकांच्या गटाची बैठक असते, कामावर परतल्यावर तेथील एक वरिष्ठ व्यक्ती देखरेखीसाठी नेमली जाते, आणि या सर्वांचे अहवाल दर तीन महिन्यांनी परवाना देणाऱ्या परिचर्या परिषदेकडे जातात. व्यसन कोणत्याही पदार्थाचे असले, तरी करारात दारूही वर्ज्य असते. दारूचा मला कधीच त्रास नव्हता, त्यामुळे ही अट मला सुरुवातीला अन्यायकारक वाटली. एक नशा सुटल्यावर माणूस नकळत दुसरीकडे वळतो, हे गटात दोघींच्या बाबतीत पाहिल्यावर माझा आक्षेप मावळला.

निलंबनानंतर सगळ्यात आधी जाते ती शब्दाची पत. ओपिऑइडच्या अमलाखाली डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, ही गोष्ट मीच आईला पूर्वी कधीतरी समजावून सांगितली होती. उपचारांनंतर घरी आल्यावर मी ‘बरी आहे’ म्हटले की आई काही न बोलता मला खिडकीपाशी बोलावून माझ्या डोळ्यांत बघायची. मला राग येत असे, पण तिच्याजवळ दुसरे साधन तरी काय होते? या सेवेने मला जे दिले, ते नेमके येथे उपयोगी पडले : माझ्या शब्दावर विश्वास ठेवण्याची सक्ती कोणावरही उरली नाही. तारीख, वेळ, नमुन्याचा क्रमांक आणि निकाल यांची ओळीमागून ओळ लागत गेली, आणि चौदा महिन्यांनी परिषदेसमोर उभी राहिले तेव्हा बोलण्यासारखे माझ्यापेक्षा त्या कागदांजवळ अधिक होते. चांगल्या देखरेख कार्यक्रमाची माझी कसोटी हीच आहे. त्याने दिवसांची नोंद इतकी चोख ठेवली पाहिजे की परिचारिकेला गयावया करावी लागू नये.

या कसोटीवर चाचणी केंद्राला मी पूर्ण गुण देते. नमुन्यात पाणी मिसळता येऊ नये म्हणून खोलीतील नळ बंद केलेला असतो, शौचालयाच्या पाण्यात निळा रंग टाकलेला असतो, आणि पर्स व स्वेटर बाहेर कुलपात ठेवावा लागतो. कपाच्या बाहेर तापमानाची पट्टी असते. चार मिनिटांच्या आत ती वाचतात आणि पारा ३२ ते ३८ अंश सेल्सिअसच्या दरम्यान दिसावा लागतो. नंतर नमुना बाटल्यांत ओतून झाकणावर सीलची पट्टी आडवी चिकटवतात आणि त्यावर आपण आद्याक्षरे व तारीख घालायची असते. माझे नमुने बहुतेक वेळा घेणाऱ्या बाई प्रत्येक खेपेला बाटलीवरचा क्रमांक मला मोठ्याने वाचायला लावत आणि स्वतः कागदावरच्या क्रमांकाशी अंकाअंकाने ताडून बघत. पहिल्या महिन्यात मला तो अपमान वाटला. पुढे एकदा दुसऱ्या कर्मचाऱ्याने क्रमांक न वाचताच बाटली पेटीत टाकली, तेव्हा मीच त्याला थांबवून वाचायला लावले. प्रवासाच्या प्रत्येक टप्प्यावर नमुना कोणाच्या ताब्यात होता याची लेखी साखळी तुटली, तर निर्दोष निकालालाही किंमत राहत नाही. त्या कागदाची आपली प्रत घेतल्याशिवाय केंद्र सोडू नये, एवढे मी आग्रहाने सांगेन.

माझे पहिल्या तिमाहीतले दोन नमुने ‘पातळ’ ठरले. नमुना देता येईल की नाही या धास्तीने मी घरून निघताना बाटलीभर पाणी पीत असे, आणि लघवीतील क्रिएटिनिन हा टाकाऊ पदार्थ प्रति डेसिलिटर २० मिलिग्रॅमच्या खाली गेला की प्रयोगशाळा तशी नोंद करते. पातळ नमुना म्हणजे लपवाछपवी असे गृहीत धरून माझ्याकडून खुलासा मागवण्यात आला. सकाळची पहिली लघवी राखून ठेवावी आणि केंद्रावर जाईपर्यंत पाणी बेताने प्यावे, हा एका वाक्याचा सल्ला करारासोबतच्या तीसपानी पुस्तिकेत कोठेही नव्हता. तो मला गटात मिळाला. खसखस असलेले पदार्थ खाल्ल्याने मॉर्फिन सापडू शकते आणि माउथवॉशमधील अल्कोहोलमुळे चाचणी बिघडू शकते, हे मात्र पुस्तिकेत ठळक अक्षरांत होते.

माझी सगळ्यात मोठी तक्रार दुसऱ्या वर्षातील आहे. दारूसाठी लघवीतील एथिल ग्लुकुरोनाइड तपासतात. शरीर इथेनॉलचे विघटन करताना हा पदार्थ तयार होतो आणि पिण्यानंतर तीन-चार दिवसांपर्यंत सापडू शकतो. चाचणी इतकी संवेदनशील आहे की हातांना लावायच्या सॅनिटायझरच्या वाफाही तिला पुरतात. जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेल्या हँडरबच्या एका मिश्रणात इथेनॉल ८० टक्के असते, आणि परिचारिका एका ड्यूटीत ते कितीतरी वेळा हातांवर चोळते. माझा निकाल १३० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर आला. कार्यक्रमाची मर्यादा १०० होती, तर अनेक ठिकाणी ती अपघाती संपर्क वगळण्यासाठी ५०० ठेवतात. केवळ या एका चाचणीवर कोणाचे भवितव्य ठरवू नये, असा इशारा अमेरिकेतील व्यसन व मानसिक आरोग्य सेवांच्या सरकारी संस्थेने २००६ मध्येच दिला होता. तरीही मला त्याच दुपारी कामावरून थांबवण्यात आले. मी रक्ताच्या फॉस्फॅटिडिल इथेनॉल चाचणीची मागणी केली. हा पदार्थ शरीरात इथेनॉल असेल तरच तयार होतो आणि नियमित पिणाऱ्यांच्या रक्तात दोन ते चार आठवडे राहतो. माझ्या प्रकरणाच्या व्यवस्थापक बाईंनी चार दिवस फोन उचलला नाही. अखेर रक्त घेतले गेले, निकाल निरंक आला, आणि मी सतराव्या दिवशी परत रुजू झाले. त्या सतरा दिवसांचा पगार गेला, ते मी सोसले. पण विभागात माझ्याबद्दल पुन्हा कुजबुज सुरू झाली आणि तिचा खुलासा करायला कार्यक्रमाकडून एक ओळीचे पत्रही आले नाही, हे मला आजही लागते. काटेकोर असणे हा या सेवेचा धर्म आहे हे मला मान्य आहे. मात्र संशय कळवायला जेवढी तत्परता दाखवली जाते, तेवढीच संशय फिटल्याचे कळवायलाही दाखवली पाहिजे. माझी या सेवेकडून तेवढीच मागणी होती.

आणखी एक तांत्रिक बाब परिचारिकांनी स्वतः तपासून घ्यावी. मॉर्फिनसारखी अफूपासूनची औषधे शोधणाऱ्या नेहमीच्या ओपिएट चाचणीत फेंटानिल सापडत नाही. त्यासाठी वेगळी तपासणी लागते. ती माझ्या यादीत आहे ना, असे मी स्वतःहून विचारले, कारण ज्या औषधाचे मला व्यसन होते तेच ज्या अहवालात तपासलेले नाही, तो अहवाल सुनावणीत माझ्या बाजूने उभा राहिला नसता.

आता गटाबद्दल. या सेवेत मला सगळ्यात जास्त ज्याने दिले, त्याच्यावर कार्यक्रमाच्या माहितीपत्रकात जेमतेम दोन ओळी आहेत. दर गुरुवारी संध्याकाळी आम्ही आठ-दहा जणी आणि दोन ब्रदर (पुरुष परिचारक) गोलात बसत असू. बैठक चालवणाऱ्या सिस्टर स्वतः बावीस वर्षांपूर्वी परवाना गमावून परत मिळवलेल्या परिचारिका होत्या, त्यांना सगळे ताई म्हणत. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या परस्परमदतीच्या संघटनेच्या धर्तीवरच्या बैठकांनाही मी जात असे. ती संघटना १९३५ मध्ये ज्या दोघांनी सुरू केली, त्यांतील एक शल्यचिकित्सक होता, हे ऐकून मला धीर आला होता. पण तेथे बाकीचे लोक वेगवेगळ्या क्षेत्रांतले असत. औषधांच्या कपाटाची किल्ली खिशात असताना मनात काय होते, हे फक्त गुरुवारच्या खोलीत सांगता येत असे. अँप्यूल फुटताना होणारा तो बारीक ‘टक्’ आवाज ऐकला की आजही तोंडाला पाणी सुटते, असे मी एकदा शेअरिंगमध्ये म्हणाले. समोरचे ब्रदर म्हणाले, “मला स्पिरिटच्या बोळ्याचा वास आला की तसे होते.” कोणी दचकले नाही, कोणी लिहूनही घेतले नाही.

ताईंनी शिकवलेली एक गोष्ट कार्यक्रमाने अधिकृतपणे शिकवायला हवी होती. काही महिने औषध बंद राहिले की शरीराची सहनशक्ती उतरते, आणि घसरलेली व्यक्ती जुन्या सवयीने जुनाच डोस घेते, तेव्हा श्वास थांबतो. आमच्यातील एक जण आठ महिन्यांनंतर अशीच घसरली; तिच्या भावाजवळ ओपिऑइडचा परिणाम उलटवणारे नॅलॉक्सोन हे औषध होते आणि ते कसे द्यायचे हे ताईंनी त्याला दाखवून ठेवले होते, म्हणून ती वाचली. कार्यक्रमाच्या पुस्तिकेत पुन्हा औषध घेतल्यास होणाऱ्या कारवाईचे पाच परिच्छेद आहेत, नॅलॉक्सोनचा उल्लेख नाही. ही उणीव मी बाकी सर्व उणिवांपेक्षा गंभीर मानते आणि तसे कार्यक्रमाला लेखी कळवले आहे.

औषधोपचारांच्या बाबतीत सेवा समंजस निघाली. मला दर महिन्याला नॅलट्रेक्सोनचे ३८० मिलिग्रॅमचे इंजेक्शन मिळत होते. ते ओपिऑइडचा परिणाम रोखते, म्हणून सुरू करण्यापूर्वी किमान सात ते दहा दिवस शरीर ओपिऑइडमुक्त असावे लागते. गटातील दोघी ब्युप्रेनॉर्फिनवर, म्हणजे व्यसनाच्या उपचारासाठी दिल्या जाणाऱ्या पण स्वतः ओपिऑइड असलेल्या औषधावर, होत्या आणि त्यांनाही डॉक्टरांच्या अहवालासह कामावर येऊ दिले गेले, ही गोष्ट मी आवर्जून नोंदवते, कारण प्रत्येक ठिकाणी हा उदारपणा दिसत नाही. माझी अक्कलदाढ काढायची वेळ आली, तेव्हा आधी कळवून, दंतवैद्यांना नॅलट्रेक्सोनची कल्पना देऊन आणि ओपिऑइड नसलेली वेदनाशामके लिहून घेऊन मी ते पार पाडले. कार्यक्रमाने त्याची परवानगी एका दिवसात दिली.

सुनावणीसाठी लागणाऱ्या कागदांची जुळवाजुळव मात्र मलाच करावी लागली. व्यवस्थापक दोनदा बदलल्या आणि दोन्ही वेळा माझ्या फाइलमधील काही पत्रे मागे राहिली. मी प्रत्येक कागदाची तारखेनुसार प्रत ठेवली नसती, तर अर्ज तीन महिने तरी पुढे गेला असता. स्वतंत्र मूल्यमापन करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञांच्या अहवालाला सुनावणीत मोठे वजन असते. मानसिक विकारांच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या डीएसएम-५ या २०१३ च्या अमेरिकन निदानपुस्तिकेनुसार व्यसनाचे निकष न दिसता तीन महिने गेले की सुरुवातीची मुक्तता आणि बारा महिने गेले की टिकून राहिलेली मुक्तता मानतात. तल्लफ हा निकष त्यातून वगळलेला आहे. हे मला ठाऊक नसते, तर मूल्यमापनात मी तल्लफ येतच नाही असे खोटे सांगितले असते, आणि अनुभवी तज्ज्ञाला ते खोटे लगेच कळले असते. मी तल्लफ कधी येते आणि तेव्हा मी कोणाला फोन करते, हे जसेच्या तसे सांगितले. परिषदेतील एका सदस्य बाईंनी नंतर त्याच परिच्छेदावर बोट ठेवून मला प्रश्न विचारला, “शेवटचा फोन कधी केलात?” मी म्हणाले, “आज सकाळी, इथे येण्यापूर्वी.”

परवाना अटींसह परत मिळाला : पहिले वर्ष रात्रपाळी नाही, ओव्हरटाइम नाही, नार्कोटिक कपाटाची किल्ली नाही. करारावर सही करताना मला कोणी सांगितले नव्हते की अटींचा काळ प्रत्यक्ष काम सुरू झाल्यावर मोजला जातो. नोकरी शोधण्यात गेलेले पाच आठवडे त्यात धरले गेले नाहीत. माझ्यासाठी देखरेखीला नेमलेल्या वरिष्ठ सिस्टर दर महिन्याला माझ्यासमोर बसून अहवाल लिहीत आणि पाठवण्यापूर्वी मला वाचायला देत; असे करण्याचे त्यांच्यावर बंधन नव्हते. किल्ली नसल्याने माझ्या रुग्णाचे वेदनाशामक काढायला दर वेळी दुसऱ्या परिचारिकेला हाक मारावी लागे. रुग्ण कळवळत असताना ती येईपर्यंत थांबणे हा त्या वर्षाचा सर्वांत कठीण भाग होता, आणि ज्या सहकारिणी हातातले काम टाकून विनातक्रार येत राहिल्या, त्यांचे उपकार फिटणारे नाहीत. तेरा महिन्यांनी किल्ली मिळाली. पहिल्या दिवशी उरलेले औषध टाकताना मी साक्षीदार सिस्टरला सिंकपाशी उभे राहून शेवटचा थेंब जाईपर्यंत बघायला सांगितले, आणि मगच सहीसाठी रजिस्टर पुढे केले. आता मी दुसऱ्यांची साक्षीदार असते, तेव्हाही तशीच उभी राहते. काही जणींना तो माझा हट्ट वाटतो.

खर्चाबद्दल स्पष्ट लिहायला हवे. चाचण्या, मूल्यमापन आणि गटाचे शुल्क परिचारिकेनेच भरायचे असते, तेही ज्या काळात तिची मिळकत बंद असते. हप्त्यांची सोय होती, परंतु ती विचारल्यावरच सांगितली गेली. करारापूर्वी हप्ते, चाचणीच्या मर्यादा, वादग्रस्त निकालाची फेरतपासणी आणि काळ मोजण्याची पद्धत या गोष्टी लेखी मागून घ्याव्यात आणि शक्य असल्यास परवान्यांची प्रकरणे हाताळणाऱ्या वकिलाकडून वाचून घ्याव्यात. मी वकिलाकडे सुनावणीच्या तीन आठवडे आधी गेले, ते फार उशिरा होते.

एवढ्या तक्रारींनंतरही, कोणी विचारले तर मी या सेवेत जाण्याचाच सल्ला देते, आणि देताना गुरुवारच्या गटाची चौकशी आधी करायला सांगते. तो गट परिचारिकेने चालवलेला नसेल, तर दुसरा कार्यक्रम उपलब्ध आहे का ते बघावे. पूर्ततेचे पत्र मला पंधरा दिवसांपूर्वी मिळाले. त्यात निलंबनाची तारीख चुकीची छापली होती आणि दुरुस्त प्रत यायला आठ दिवस लागले. ते पत्र पुढे प्रत्येक नोकरीच्या अर्जासोबत जाणार असल्याने मसुदा आधी मागवून तपासून घ्यावा. गुरुवारी मी अजूनही जाते. कराराचे बंधन आता नाही, पण नव्याने आलेल्या दोघी मुलींना पहिल्या चाचणीला सोबत हवी आहे, आणि त्यांतील एक घरून निघताना बाटलीभर पाणी पिऊन येते.